नावाचा रकाना

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगातलं पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलं आणि त्यात एका बिस्किटाला सर्वोच्च पदक मिळालं. टेक्सासच्या गेल बॉर्डन यांचं ते ‘मीट बिस्किट’. मांस उकळून अर्क काढायचा, तो आटवून पिठात मळायचा आणि भाजून कडक वड्या करायच्या. वडी गरम पाण्यात विरघळवली की सूप तयार. लांबच्या सफरीला निघालेल्या जहाजाला आणि सीमेवरच्या पलटणीला याहून सोयीचं काय असणार, असं परीक्षकांना वाटलं. अमेरिकी लष्कराने मात्र ते जवानांना प्रत्यक्ष खायला घातलं, आणि चव नाही, भूक भागत नाही, वर डोकं दुखतं आणि मळमळतं, असा अहवाल दिला. बॉर्डन यांचं भांडवल बुडालं. पुढे त्यांनी मांस सोडून दूध आटवायला घेतलं, १८५६ मध्ये पेटंट मिळवलं, आणि त्या दुधाने त्यांचं नशीब उघडलं.

या बिस्किटावरून परीक्षकांना हसणं सोपं आहे. मला वाटतं, त्यांची चूक फारशी महागात पडली नाही. पदक भलत्याच मालाला गेलं तर गिऱ्हाईक ते चार-पाच वर्षांत दुरुस्त करून टाकतं. प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये भलतं नाव पडलं, किंवा नाव पडलंच नाही, तर ती चूक वस्तूबरोबर संग्रहालयात जाते, तिथून पुस्तकांत उतरते, आणि पाच पिढ्यांनी तीच माहिती म्हणून शिकवली जाते. तरीही प्रदर्शन भरवणाऱ्यांचा सगळा जीव पदकांत अडकलेला असतो. तेव्हाही होता, आताही आहे. मानचिन्ह कसं असावं यावर तीन बैठका होतात आणि यादीचं काम शेवटच्या आठवड्यात कुणातरी कारकुनाच्या गळ्यात पडतं. हा क्रम उलटा आहे.

आधी पदकांची गोष्ट सांगतो, कारण ती जास्त रंगतदार आहे. सुरुवातीच्या बोलण्यात २०,००० पौंडांच्या रोख बक्षिसांचा विषय होता. व्हिक्टोरिया राणीचे पती राजपुत्र अल्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली प्रदर्शन भरवणाऱ्या शाही आयोगाने तो सोडून दिला आणि ब्राँझची पदकं ठरवली. मालाचे ३० वर्ग पाडले होते. त्यांच्यासाठी नेमलेल्या परीक्षक मंडळांत निम्मे ब्रिटिश, निम्मे परदेशी. जो परीक्षक झाला, त्याचा स्वतःचा माल त्या वर्गात बक्षिसाला अपात्र. इथवर व्यवस्था आजच्या कितीतरी पुरस्कार समित्यांना लाजवेल अशी होती. घोळ पुढे झाला. पदकं दोन प्रकारची काढली: ‘प्राइझ मेडल’ आणि ‘कौन्सिल मेडल’. पहिलं उत्तम दर्जाच्या कामाला. दुसरं नव्या शोधाला, नव्या उपयोगाला किंवा खास रचनेला, आणि ते द्यायला सगळ्या मंडळांच्या अध्यक्षांच्या परिषदेची संमती हवी. या परिषदेचे प्रमुख होते व्हायकाउंट कॅनिंग. पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आले आणि वर्षभरातच ज्यांच्यासमोर १८५७ उभं राहिलं, तेच हे कॅनिंग.

कौन्सिल मेडल म्हणजे पहिला नंबर आणि प्राइझ मेडल म्हणजे दुसरा, असा अर्थ काढू नका, असं आयोग कंठशोष करून सांगत होता. ऐकणार कोण? एक पदक १७० जणांना आणि दुसरं २,९१८ जणांना, म्हणजे मोठं कुठलं हे सांगायला कुणी पंडित लागत नव्हता. वाद्यांच्या वर्गात फ्रान्सकडून परीक्षक म्हणून संगीतकार बेर्लिओझ आले होते. पियानोचं कौन्सिल मेडल पॅरिसच्या एरार कंपनीला गेलं, लंडनच्या ब्रॉडवूडला नाही, आणि ब्रिटिश पियानोवाल्यांचा पापड मोडला. नवं आणि चांगलं यांतला फरक आयोगाच्या कागदावर अगदी रेखीव होता. दुकानाच्या पाटीवर तो एका दिवसात पुसला गेला.

किमतीची गंमत तर आणखी वेगळी. मांडलेल्या वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावायची नाही, असा नियम होता. गणकयंत्रवाले चार्ल्स बॅबेज यावर इतके चिडले की त्यांनी या प्रदर्शनावर एक अख्खं पुस्तक लिहून काढलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. किंमत हाही मालाचा गुण आहे. दोन कात्र्या सारख्याच कापत असतील आणि एक निम्म्या किमतीत मिळत असेल, तर कारखानदाराची हुशारी त्या निम्म्या किमतीत आहे, आणि तुम्ही नेमकी तीच झाकून ठेवताय. बॅबेज यांचा स्वभाव तिखट होता आणि आयोगाने त्यांना दूर ठेवल्याचा रागही त्या पुस्तकात आहे. मुद्दा मात्र खणखणीत. वस्तूजवळच्या चिठ्ठीवर काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे ठरलं की परीक्षकाचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

१८६२ मध्ये साउथ केन्सिंग्टनला दुसरं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा ही उतरंडच काढून टाकली. एकच पदक, तेही फक्त ‘गुणवत्तेसाठी’. झालं असं की सुमारे ७,००० पदकं वाटली गेली, वर हजारो उल्लेखपत्रं. रुसवे कमी झाले, आणि पदकाची किंमतही. १८७१ पासून लंडनला वार्षिक प्रदर्शनांची जी मालिका सुरू झाली तिच्यात बक्षिसंच नव्हती; निवड होऊन आत येणं हाच मान. वीस वर्षांत इंग्रजांचा पदकांवरचा विश्वास कुठून कुठे आला, हे यातून दिसतं. बिस्किटांच्या डब्यांवर आणि मोहरीच्या बाटल्यांवर ती पदकं पुढे कित्येक वर्षं छापली जात राहिली, ती गोष्ट वेगळी.

कॅटलॉगकडे मात्र कुणी असं शंकेने पाहिलं नाही. वस्तूंची यादी, तिच्यात भांडण्यासारखं काय असणार?

१८५१ चा कॅटलॉग ही त्या काळातली एक अचाट कामगिरी होती, हे आधी मान्य करतो. सुमारे १४,००० प्रदर्शक. प्रत्येकाने छापील अर्जावर आपल्या मालाचं वर्णन आपल्या शब्दांत भरून द्यायचं. लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाने मालाची वर्गवारी बसवली: कच्चा माल, यंत्रं, पक्का माल आणि ललित कला असे चार विभाग, त्यांत ते ३० वर्ग. रॉबर्ट एलिस आणि त्यांच्या हाताखालच्या जाणकारांनी कारखानदारांची फुगवलेली वर्णनं तासली, शास्त्रीय टिपा जोडल्या. उद्घाटन १ मे रोजी, आणि आदल्या रात्रीपर्यंत छपाई-बांधणी चाललेली. एक शिलिंगाची छोटी आवृत्ती लोकांच्या हातात पडली. सचित्र थोरली आवृत्ती तीन खंडांत निघाली. पहिल्या आवृत्तीत चुका खंडीभर, कारण मजकूर अर्जांवरून जुळवलेला आणि कित्येक पेट्या अजून बंदरातच.

या कॅटलॉगमधली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रदर्शकाच्या नावापुढे त्याचं त्या वस्तूशी नातं काय, हे संक्षेपाने छापलेलं असे: शोधक, उत्पादक, रचनाकार, मालक, आयातदार. म्हणजे ‘दाखवणारा’ आणि ‘करणारा’ एकच असेल असं नाही, याची संपादकांना स्वच्छ जाणीव होती. बर्मिंगहॅमचा व्यापारी दुसऱ्याचा दिवा घेऊन आला तर तो मालक म्हणून नोंदला जाई, शोधक म्हणून नाही.

आणि हिंदुस्थानचं दालन? तिथे प्रदर्शक एकच, ऑनरेबल ईस्ट इंडिया कंपनी. संस्थानिकांनी पाठवलेल्या काही वस्तूंपुढे त्यांची नावं आहेत. बाकी ढाक्याची मलमल, काश्मिरी शाली, किनखाब, बिदरी, हस्तिदंत, शेकडो तऱ्हेची धान्यं, तेलं, रंग, लाकडं, हे सगळं कंपनीच्या छत्राखाली. वस्तू जमवण्याची आणि लावण्याची जबाबदारी जॉन फोर्ब्स रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होती आणि ती त्यांनी मन लावून पार पाडली. कोहिनूर एका पिंजऱ्यात ठेवला होता. तो लोकांना अपेक्षेइतका चमकताना दिसेना, म्हणून पुढच्या वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले गेले. अंबारी ठेवायला हत्ती हवा होता, तर एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन गावच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला हत्ती उसना आणला. इतका खटाटोप झाला, पण ती अंबारी कुठल्या सुताराने, कुठल्या जरीवाल्याने केली, हे अर्जावर लिहायला जागाच नव्हती. पाच नात्यांत न बसणारं सहावं नातं होतं ते.

याचा परिणाम काय झाला पाहा. परीक्षकांनी हिंदुस्थानी मालाची मनापासून वाखाणणी केली. ओवेन जोन्स, रिचर्ड रेडग्रेव्ह यांच्यासारख्या रचनेच्या जाणकारांनी तर आपल्या देशबांधवांना सुनावलं की रंगसंगती आणि नक्षीचा तोल शिकायचा असेल तर या कापडांकडे पाहा. सरकारने दिलेल्या ५,००० पौंडांतून शिकाऊ रचनाकारांसाठी नमुने खरेदी झाले, त्यांतही हिंदुस्थानी वस्तूंचा मोठा वाटा होता. हेच नमुने पुढे साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाच्या पायात गेले. आणि पदकं गेली लेडनहॉल स्ट्रीटला, कंपनीच्या कचेरीत. एरार यांना पदक मिळालं तेव्हा त्यांचे पियानो खपले. ढाक्याच्या विणकराला पदक मिळालंच नाही, मग त्याचं कापड कुठून खपणार?

यावर एक रास्त आक्षेप आहे. लँकेशरच्या गिरणीतल्या मजुराचं नाव तरी कुठे छापलं होतं? नव्हतं छापलं. कामगाराला पुसून टाकण्यात तो काळ गोऱ्या-काळ्याचा फार भेद करत नव्हता. पण फरक दोन आहेत. एक, लँकेशरच्या मजुराचा माल निदान ज्या गिरणीत तयार झाला तिचं नाव छापलं जाई; मागणी आली तर त्या गिरणीला येई आणि पगाराच्या रूपाने थोडी मजुरापर्यंत झिरपे. कंपनीच्या नावावर लागलेल्या शालीची मागणी कुठे नोंदवायची? दुसरं, नाव छापणं अशक्य नव्हतं. चारच वर्षांनी, १८५५ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात मुकादम आणि कारागिरांसाठी सहकारी म्हणून वेगळी पदकं ठेवली गेली. कारखानदाराबरोबर त्याच्याकडच्या माणसाचंही नाव यादीत आलं. त्या काळाला हे सुचतच नव्हतं, ही सबब म्हणून चालत नाही.

प्रदर्शनातून कॅटलॉगची जी परंपरा निघाली तिचं टोक म्हणजे हिंदुस्थानी मालाची माहिती ठेवणारे लंडनमधले सरकारी अधिकारी जॉन फोर्ब्स वॉटसन यांचं काम. १८६२ च्या प्रदर्शनातल्या हिंदुस्थानी विभागाचा वर्गवार कॅटलॉग त्यांनीच केला होता. मग १८६६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी कापडाचे १८ खंड तयार केले. त्यांत चित्रं नव्हती, खरं कापड होतं: ७०० नमुने कापून, चिकटवून. पागोटी, लुंग्या, धोतरं, लुगडी, मलमल, छिटं. असे २० संच केले. १३ ब्रिटनमध्ये ठेवले, ७ हिंदुस्थानात पाठवले. नमुन्याखाली लांबी, रुंदी, वजन, कुठे मिळाला ती जागा, किंमत. होय, किंमतही. जी चिठ्ठी १८५१ मध्ये इंग्रज कात्रीवर लावायला मनाई होती ती इथे आवर्जून लावलेली, कारण हे खंड वाचणार होते मँचेस्टरचे गिरणीवाले. हिंदुस्थानी माणूस शिवलेलं कमी नेसतो, कापड मागावरून उतरतं तेच वस्त्र म्हणून अंगावर येतं, त्याचा पन्हा असा, काठ असा, पदर असा. हे न समजता माल पाठवाल तर खपणार नाही, हा त्यामागचा व्यवहार. वॉटसन यांनी हे लपवलं नाही, आणि बारीक कलाकुसरीच्या कापडात हिंदुस्थानी हाताशी स्पर्धा करणं अवघड आहे, हेही प्रांजळपणे लिहिलं. खंडांत नसलेली माहिती एकच: हे विणलं कुणी.

या १८ खंडांना कुणी पदक दिलं की नाही याने काहीच फरक पडला नसता. त्यांची ताकद रकान्यांत होती. काय मोजलं, काय लिहिलं, कुणासाठी लिहिलं आणि काय गाळलं.

आपल्याकडे या गोष्टीचा एक धागा थेट येतो. मुंबईत राणीच्या बागेच्या दाराशी असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे याच प्रदर्शनांचं अपत्य. लंडन-पॅरिसच्या प्रदर्शनांसाठी मुंबई इलाख्यातून माल जमवला जात होता, त्याच उद्योगातून टाउन बराकीत सरकारी संग्रहालय उभं राहिलं. १८५७ च्या धामधुमीत बराकी लष्कराला हव्या झाल्या आणि संग्रहाची वाताहत झाली. संग्रहालयाचे इंग्रज क्युरेटर जॉर्ज बर्डवूड यांनी तो पुन्हा सावरला; नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी त्याच्या इमारतीसाठी लोकांकडून पैसा उभा केला. १८६२ मध्ये पायाभरणी, १८७२ मध्ये उद्घाटन. बर्डवूड यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतिज मालाचा कॅटलॉग १८६२ मध्येच छापला. पुढे हिंदुस्थानी हस्तकलांचे सर्वांत मोठे वकील म्हणून हेच बर्डवूड गाजले. खेड्यातला कुंभार आणि साळी यांच्यावर ते इतक्या जिव्हाळ्याने लिहितात की वाचताना भारावून जायला होतं. पण त्यांच्या लिखाणातला कुंभार हा ‘कुंभार’च राहतो. युगानुयुगं तसाच, बिननावाचा. प्रेम करणाऱ्यानेही नाव विचारलं नाही, हे मला उपेक्षेपेक्षा जास्त टोचतं.

कारागिराचं नाव पुढे आलं ते १८८६ च्या वसाहती व हिंदुस्थानी प्रदर्शनात, आणि आलं तेही कसं! लंडनमध्ये एक अंगण उभारून ३४ कारागीर काम करताना दाखवले. त्यांतले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगात कारागिरी शिकलेले कैदी. त्यांच्यात बक्षीराम नावाचे कुंभार होते, वय शंभरच्या वर सांगितलं जाई. व्हिक्टोरिया राणीने चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडा यांना सांगून काहींची चित्रं काढून घेतली, म्हणून आज आपल्याला बक्षीराम हे नाव माहीत आहे. माणूस स्वतः प्रदर्शनातली वस्तू झाला तेव्हा त्याला चिठ्ठी मिळाली.

आता आजचं. १९६५ पासून भारत सरकार कुशल कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देतं, नाव घेऊन देतं. मी पुरस्कारांविरुद्ध बोलतोय म्हटल्यावर कुणीही हे तोंडावर फेकेल की बाबा रे, पुरस्कारामुळेच तर कारागिराला नाव मिळालं. मिळालं, खरंच मिळालं. एका गल्लीत चाळीस माग चालतात आणि एका घरात मानपत्र लागतं. त्या घराचा माल दुप्पट भावाने जातो. उरलेले एकोणचाळीस जण त्याच व्यापाऱ्याला पूर्वीच्याच भावाने विकतात. पुरस्काराचा धर्मच निवडण्याचा आहे, त्याला दोष काय देणार? सगळ्यांना मोजायचं काम यादीचं.

आणि यादी आपल्याकडे आहे. भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे जीआयचा, कायदा १९९९ चा. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात त्याची नोंदवही असते आणि तिचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात मालाचं नाव आणि नोंदणीकृत मालक; हा मालक एखादी संघटना, संस्था किंवा सरकारी यंत्रणा असतो. ‘ब’ भागात अधिकृत वापरकर्ते, म्हणजे तो माल प्रत्यक्ष करणारे लोक. त्यांनी स्वतंत्र अर्ज करायचा. कोल्हापुरी चपलेची २०१९ मध्ये नोंद झाली ती महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे. महामंडळं ईस्ट इंडिया कंपनी नव्हेत, हे उघड आहे. ती त्याच समाजाच्या भल्यासाठी काढलेली आहेत आणि परदेशात कुणी उचलेगिरी केली तर लढायला अशी बळकट संस्थाच लागते. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. तक्रार अशी की ‘अ’ भागात नोंद झाली की पेढे वाटले जातात, मंत्र्यांचा फोटो येतो, बातमी संपते. ‘ब’ भागाचे अर्ज भरायला कुणी गल्लीत जाऊन बसलं, आधार कार्डावरचं नाव आणि घरात हाक मारायचं नाव जुळवलं, अंगठ्याचे ठसे घेतले, तर त्याची बातमी होत नाही. चप्पल एक माणूस करतही नाही. कातडं कमावणारा वेगळा, कापणारा वेगळा, वेणी घालणारी बहुधा घरातली बाई. अर्जात ती कुठे बसते?

म्हणून जिल्हा उद्योग केंद्रांपासून दिल्लीच्या मेळ्यापर्यंत जे कुणी प्रदर्शनं भरवतात त्यांच्याकडे माझं मागणं छोटं आहे. एका वर्षी पुरस्कार समारंभ नको. मांडव, शाली, श्रीफळं, पाहुण्यांचं विमान, यांचे पैसे यादीवर घाला. प्रत्येक वस्तूमागे कोणकोणत्या हातांनी काय काम केलं, गाव कुठलं, किती दिवस लागले, मजुरी किती, एवढं लिहून छापा आणि वस्तूच्या चिठ्ठीवरही लावा. यातही घोटाळे होतील. व्यापारी आपल्या पुतण्याचं नाव विणकर म्हणून घुसवेल, हे मला कळतं. ते पकडायला गल्लीतलीच दोन माणसं पुरतील, कारण कुणाच्या घरात माग आहे हे शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. अर्जाचा नमुना नव्याने बनवायचीही गरज नाही. शोधक, उत्पादक, रचनाकार, मालक, आयातदार, ही पाच नाती १८५१ मध्येच छापून तयार होती. त्यांच्याखाली एक ओळ वाढवायची: ‘का.’, म्हणजे कारागीर. आणि एकापेक्षा जास्त नावं मावतील इतकी जागा सोडायची.